चवीचं पातेलं

गावाचं नाव मी लिहिणार नाही. मानवतकडचं म्हणा, बोरीकडचं म्हणा, पिंगळीच्या पुढचं म्हणा, परभणी जिल्ह्यातलं कुठलंही धरा. माणसांची नावंही लिहिणार नाही. यात लेखकाची काही खुबी नाही. नाव सांगितलं की काय होतं हे मी पाहिलंय, नाव लपवलं की काय होतं तेही पाहिलंय, आणि दोन्हींचा राग अजून उतरलेला नाही.

एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाइन कामाचं सेंटर आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, आधारची दुरुस्ती असली कामं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि त्या प्रिंटरशी माझं रोजचं भांडण. बाया माझ्याकडं जास्त येतात. बाईच्या दुकानात घटकाभर टेकता येतं, पाणी मागता येतं, आणि अंगठा उमटत नसला तरी कुणी खेकसत नाही. मी खेकसते, पण मशीनवर.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, इथून एसटीनं अर्ध्या तासावरच्या एका गावात दिलेली. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची. हे काम तिला सुखासुखी मिळालं नव्हतं. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आपल्या नातीला एक दिवस चुलीसाठी भांडावं लागेल असं त्यांना वाटलं नसणार. अक्का शाळेच्या चुलीपाशी गेली आणि काही घरांनी पोरांना डबे द्यायला सुरुवात केली. अक्का शिजवत राहिली. तिच्या फोडणीचा वास वर्गात जायचा आणि पोरं डब्यातली गार भाकरी तशीच ठेवून ताट घेऊन रांगेत उभी राहायची. पोरांनीच आयांना हरवलं. डबे बंद झाले.

तिच्या जोडीला दुसरी एक स्वयंपाकीण होती. वयानं मोठी, नवरा गेलेली, वरच्या आळीतली. दीर शेतात पाऊल ठेवू देत नव्हता, त्यामुळं शाळेची चूल हाच तिचा आधार. अक्का तिला काकू म्हणायची. दोघींचं बरं जमायचं. एकमेकींची पाठ दुखली की एक निवडायची, दुसरी ढवळायची.

आता पातेल्याचं सांगते. नियम असा आहे की पोरांना वाढायच्या आधी गुरुजींनी आणि एका पालकानं खिचडी चाखून बघायची. नियम चांगला आहे. ज्यानं केला त्याच्या पोटात माया असणार. पण नियमाला पळवाट काढण्यात आमचा हात कुणी धरू शकत नाही. त्या शाळेत चाखायची खिचडी वेगळी शिजायची. एक छोटं जर्मलचं पातेलं होतं. त्यात वेगळ्या डब्यातला तांदूळ, घट्ट डाळ, वरून शेंगदाणे, तालुक्याचे साहेब येणार असले तर चमचाभर तूप. त्याला म्हणायचं चवीचं पातेलं. मुख्याध्यापक त्यातलं खायचे, पालक म्हणून शाळा समितीचे अध्यक्ष त्यातलं खायचे, ढेकर द्यायचे आणि सही करायचे. ते दोघं आणि या दोघी स्वयंपाकिणी सोडल्या तर असं काही पातेलं आहे हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. पोरांना मोठ्या भांड्यातलं.

ते पातेलं अक्कानं शिजवायचं नाही. असं तोंडानं कुणी बोललं नाही, आजकाल तोंडानं कुणी बोलत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "ते काकूंकडंच राहू द्या बाई, तुमच्यावर कामाचा लोड नको." घासायचं मात्र अक्कानंच. घासताना लोड होत नव्हता.

मोठ्या भांड्यातल्या तांदळाची गत अशी होती की तो पाखडावा तितका कमीच. सोंडे, अळ्या, जाळी धरलेले गोळे. चांगली पोती येत नव्हती असं नाही. यायची, खोलीत लागायची आणि दुपारच्या टेम्पोनं परत निघायची. कुठं, ते गावाला माहीत होतं आणि कुणाला माहीत नव्हतं. पोरं हुशार. ताटाच्या काठावर किडे काढून ओळीनं मांडायची आणि मग जेवायची. एक दिवस दुसरीतली एक मुलगी अक्काला म्हणाली, "मावशी, आज माझ्या ताटात कमी निघाले."

त्या वाक्यानं अक्का माझ्याकडं आली. दुकानात गर्दी होती, ती कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिली. गर्दी हटल्यावर म्हणाली, "ती पोरगी खुश होऊन सांगायलती गं. खुश होऊन."

तक्रारीचं एक सरकारी संकेतस्थळ आहे. त्याची जाहिरात स्टँडच्या भिंतीवर लावलेली होती. एक बाई हसत मोबाइल धरून उभी आहे आणि खाली लिहिलंय, निर्भयपणे तक्रार करा, आपले नाव गोपनीय राहील. त्या हसणाऱ्या बाईला मी कधी आमच्या भागात बघितलेलं नाही. मी ते पान उघडलं. पहिलाच प्रश्न, नाव गुप्त ठेवायचे आहे का, होय की नाही. मी होय केलं. खाली लाल अक्षरात सूचना होती की मोघम तक्रारींची दखल घेतली जाणार नाही, नेमकी माहिती द्यावी.

"पातेल्याचं लिही," अक्का म्हणाली.

"अक्का, पातेलं तुमा दोघींलाच माहीत हाय. लिवलं की कळंल."

"त्याच्याबिगर काय लिवतीस? खिचडी खराब हाय म्हणलं तर साहेब येतील, चवीच्या पातेल्यातलं खातील, वा वा करतील आन् जातील. चोर पकडायचा तर चोरवाट दाखवावी लागंल का न्हाई?" मग पडद्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "हितं लिवलंय की नाव गुप्त म्हणून. सरकार लिवून दिल्यावर खोटं बोलंल का?"

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. नंबर माझा टाकला, पातेल्याचं सगळं लिहिलं आणि तक्रार पाठवली.

आता यातली मेख बघा. नेमकं सांगा म्हणतात. नेमकं कुणाला माहीत असतं? जो आत उभा असतो त्यालाच. म्हणजे नेमकं सांगितलं की माणूस सापडलाच, आणि नाही सांगितलं तर तक्रार मोघम. ज्यानं हे पान बनवलं तो कधी गावात राहिला नसणार. गावात बाईच्या खोकल्यावरून लोक सांगतात कोण चाललीय ते. तिथं नावाच्या जागी कोरी रेघ ठेवली की माणूस झाकला जातो असं ज्याला वाटतं, त्याला मी एकदा आमच्या स्टँडवर तासभर उभा करीन.

आठवडाभरात मला फोन आला. कुठल्या तरी कार्यालयातून, आवाज अगदी गोड. "मॅडम, ती खिचडीची तक्रार तुमचीच ना? कुठून बोलता आपण? तक्रार मागं घ्यायचा विचार आहे का?"

मी म्हणाले, "नाव गुप्त आहे ना साहेब? मग नंबर कसा मिळाला?"

तो म्हणाला, "नंबर गुप्त राहील असं कुठं लिहिलंय, मॅडम?"

मी फोन ठेवला आणि समोरच्या माणसाच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर त्याच्या बापाच्या जागी त्याच्या गावाचं नाव टाइप केलं.

तिकडं तक्रार पायऱ्या उतरत होती. वरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला, तालुक्यावरून शाळेला. म्हणजे ज्याच्याविरुद्ध केली त्याच्याच टेबलावर, 'चौकशी करून अहवाल सादर करावा' या शेऱ्यासकट. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं आम्ही म्हणीत ऐकलं होतं, इथं तर चोरालाच पंचनामा करायला सांगितलं होतं. मुख्याध्यापकांनी तो कागद चुलीपाशी येऊन नाचवला. नाव-नंबरची जागा खोडलेली होती, काळ्या शाईनं, अगदी नीट. पातेलं खोडलेलं नव्हतं.

आणि त्यांचा संशय गेला काकूंवर. पातेलं काकूंच्या हातात, म्हणून तक्रारही काकूंचीच. अक्का फक्त घासणारी, घासणाऱ्या बाईला डोळे असतात हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. समितीचे अध्यक्ष काकूंच्या दारात जाऊन सांगून आले, "चौकशी होईस्तोवर शाळेत येऊ नका. आपल्याच माणसानं घात केला, दुसऱ्यांचं काय बोलायचं?"

त्याच दिवशी काकू अक्काच्या घरी आल्या. आयुष्यात त्यांनी आमच्या वस्तीत पाऊल ठेवलं नव्हतं. दारातच उभ्या राहिल्या. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "बाई, तू तरी सांग त्यान्ला. मी असलं काम करीन का? चुलीबिगर मला काय हाय?"

अक्का म्हणाली, "न्हाई काकू. तुमी न्हाई केलं."

"तुला कसं ठावं?"

अक्कानं तांब्या पुढं केला. काकू उभ्या उभ्या सगळं पाणी प्याल्या, कुणाच्या घरचं ते त्यांच्या ध्यानात आलं नसेल किंवा आलंही असेल, आणि निघून गेल्या. अक्का मला हे सांगताना पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "माझ्याच तोंडाकडं बघून रडायलती गं."

मी तिला गप्प बसायला सांगितलं. चौकशी होऊ दे, काकूंवर काही सिद्ध होणार नाही, तू सापडलीस तर कायमची बाहेर जाशील. दाजी पुण्याकडं कामाला, त्यांचा पैसा कधी येतो कधी नाही, आणि घर अक्काच्या खिचडीवर चालतं. सगळा हिशोब मांडला. तिनं ऐकून घेतलं.

"मी गुप्त ऱ्हायले तर काकू जाती," ती म्हणाली. "मंग त्या गुप्त ऱ्हाण्याला काय जाळायचं हाय का?"

चौकशीच्या दिवशी मी सेंटरला कुलूप लावून तिच्याबरोबर गेले. शाळेच्या ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. तालुक्याचे साहेब, मुख्याध्यापक, अध्यक्ष. काकूंनाही बोलावलेलं, त्या खांबाला टेकून उभ्या. समोर अंगणात आया जमल्या होत्या, कुणी तरी त्यांना फुकटचा तमाशा असल्याचं सांगितलं असावं. साहेबांपुढं ताट आलं. त्या दिवशी ते पातेलं कुणाच्या घरून शिजून आलं देव जाणे, पण शेंगदाणे होते, तूप होतं. साहेबांनी निम्मं ताट संपवलं आणि म्हणाले, "चव तर उत्तम आहे."

मग घोटभर पाणी पिऊन त्यांनी सगळ्यांकडं नजर फिरवली. "तक्रार कुणी केली ते मोकळेपणानं सांगा. अजिबात घाबरू नका. नाव पूर्ण गुप्त ठेवलं जाईल."

हे ते भर ओसरीवर, मुख्याध्यापकांच्या मांडीला मांडी लावून, सगळ्या गावासमोर विचारत होते. मला मोठ्यांदा हसू आलं. दुसरं कुणीच हसलं नाही. काकू रडायला लागल्या.

अक्का उठली. "लिवा साहेब. तक्रार मी केली." आणि तिनं आपलं नाव सांगितलं. स्वतःचं, बापाचं, नवऱ्याचं, आडनावासकट, शाळेत दाखला घेताना सांगतात तसं ठणठणीत. "काकूंचा याच्यात केसाइतका बी संबंध न्हाई."

काकूंचं रडणं थांबलं. त्यांनी अक्काकडं असं पाहिलं की त्यात आभार होते की शिव्या, मला अजून ठरवता आलेलं नाही.

अक्का तिथंच थांबली नाही. आत गेली आणि दोन्ही पातेली ओढत ओसरीवर घेऊन आली. छोटं आणि मोठं शेजारी शेजारी ठेवलं. मोठ्यातली एक पळी खिचडी साहेबांच्या ताटात, शेंगदाण्यांच्या शेजारी वाढली. "आता हे बी चाखून बघा."

साहेबांनी ताटाकडं पाहिलं. त्या खिचडीत काय होतं ते बसल्या जागेवरून दिसत होतं. "आज माझा गुरुवार असतो," ते म्हणाले.

निम्मं ताट रिकामं करून माणूस म्हणतो माझा उपवास आहे! अंगणातली एक आई फिसकन हसली. मग दुसरी उठली, पायरी चढून वर आली आणि मोठ्या भांड्यात वाकून बघू लागली. मग तिसरी. मुख्याध्यापक "अहो बाई, अहो बाई" करत राहिले. थोड्याच वेळात ओसरीवर नुसता बायांचा घोळका होता आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडत होती.

तुम्हाला वाटेल आता न्याय झाला. महिन्याभरात कागद आला. अक्काला 'प्रशासकीय कारणास्तव' कमी करण्यात आलं. काकू परत कामावर. मुख्याध्यापकांना समज देण्यात आली. समज! तांदूळ कुठं जातो याची ज्याला सगळ्यात जास्त समज होती, त्यालाच आणखी दिली. आणि माझ्या मोबाइलवर निरोप आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, आपण समाधानी आहात का, कृपया तारे द्यावेत. खाली पाच पोकळ तारे. मी काय लिहिलं ते इथं छापता येणार नाही. तिथंही पाठवता आलं नाही, अक्षरं जास्त झाली म्हणे.

अक्काला मी माझ्याकडं आणलं. झेरॉक्स, रांग, कुणाचा कुठला कागद राहिला ते बघणं. ती चुलीपुढची बाई, सुरुवातीला खुर्चीवर बसायला तिला लाज वाटायची. मी चिडले की ती म्हणायची, "तू कामून बेजार व्हायलीस? काम माझं गेलं." मला तिच्या शांतपणाचाही राग यायचा. आपली हुशारी, आपलं शिक्षण, आपलं इंटरनेट, सगळं वापरून मी तिला एका काळ्या रेघेमागं उभं केलं होतं. त्या रेघेनं तिची काही राखण केली नाही, आणि ज्यांनी राखतो म्हणून लिहून दिलं होतं त्यांना विचारायला दारही नव्हतं.

काही दिवस शाळेत तांदूळ बरा आला. मग एका दुपारी एक बाई सेंटरवर आली. कोण, ते मी सांगणार नाही. स्वयंपाकीण होती, आई होती, शिक्षिका होती की कुणाची तरी बायको, तेही नाही. आधारच्या रांगेत बसून राहिली. तिची पाळी आली तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाली, "पातेलं परत चालू झालंय. टेम्पो बी." आणि लगेच, "पर बाई, माझं नाव..."

होय वर बोट ठेव, नाव गुप्त राहील, असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार? मी ते पान नुसतं उघडून ठेवलं. झेरॉक्सपाशी उभ्या असलेल्या अक्कानं मागं वळूनही पाहिलं नाही.

"माझ्या नावानं टाक," ती म्हणाली.

"अक्का..."

"माझं नाव तसं बी बाहेर पडलंय. ते आता कुणाच्या बापाला भीत न्हाई. मला कामावरून काढून काढून किती बार काढतील? आन् पातेलं तर आता समद्या गावाला ठावं हाय. कुणी सांगितलं ते हुडका म्हणावं."

त्या बाईनं खुर्ची पुढं ओढली. मग आत काय काय चाललंय ते सगळं, अगदी नेमकं, तिनं सांगितलं. मी लिहून घेतलं.

तेव्हापासून हे असं चाललंय. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. आता दुसऱ्या गावांतूनही बाया येतात. अंगणवाडीचं, दवाखान्याचं, रेशनचं. रांगेत बसतात, हळू आवाजात सांगतात आणि घरी जातात. वर अक्काचं नाव असतं. एकाच बाईच्या एवढ्या तक्रारी कशा म्हणून कार्यालयातले लोक वैतागलेत, कुणी तिला वेडी म्हणतं, एकानं खोट्या तक्रारीची केस करीन म्हणून धमकी दिली. तिनं त्याला तारीख विचारली. मला भीती वाटते. तिला वाटते का ते ती सांगत नाही. जे काम एवढ्या मोठ्या सरकारनं करतो म्हणून भिंतीवर छापलं, ते कामावरून काढलेली एक बाई आपलं नाव पुढं करून करते, याचा मला अभिमान वाटत नाही. संताप येतो. तिला हे करावं लागायला नको होतं.

पान तेच आहे. नाव गुप्त ठेवायचे आहे का, असं विचारतं. मी 'नाही' वर बोट ठेवते आणि अक्काचं पूर्ण नाव टाकते, बापाच्या नावासकट, ती मागं उभी राहून तपासते.

परवा तोच गोड आवाज पुन्हा फोनवर आला. "मॅडम, या बाई तर त्या शाळेत कामालाही नाहीत. मग यांना आतलं हे सगळं कळतं कसं? सांगतं कोण यांना?"

मी म्हणाले, "ते गुप्त आहे, साहेब."